नागपुरात बसून राजकारणावरचे जुने सिनेमे पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिका, मंत्रालय, कंत्राटं आणि खुर्ची यांच्यावरचे जुने सिनेमे आम्ही काही जण नागपुरात घरी बसून पाहतो आणि संपल्यावर बराच वेळ बोलत बसतो. नव्याने येणारे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

नागपूरच्या राजकीय भ्रष्टाचारावर एखादा गाजलेला जुना सिनेमा आहे का?

नाही. मराठी-हिंदीत या विषयावरचे जे सिनेमे टिकले, ते बहुतेक मुंबईत नाहीतर उसाच्या पट्ट्यात घडतात. पण शहर बदललं तरी कामाची रीत फारशी बदलत नाही. अंदाजपत्रक, निविदा, टिप्पणी, स्थायी समिती, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि शेवटी बिल, हा कागदाचा प्रवास आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या महापालिकेच्या इमारतीतही तोच आहे.

म्हणून आमचा आग्रह एवढाच असतो की या सिनेमांत खलनायकाच्या मागे लागू नका, फाइलच्या मागे लागा. ती आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? सही कोणी केली, कोणी टाळली? आणि सही झाल्यावर कोणाच्या जमिनीचा भाव वाढला? असं पाहिलं की इटलीतल्या नेपल्सवरचा सिनेमासुद्धा नागपूरच्या मानेवाड्यातल्या माणसाला आपला वाटतो.

पहिला कोणता पाहावा?

'सिंहासन'. १९७९ चा, जब्बार पटेलांचा, कृष्णधवल. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि आधार अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांचा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव, श्रीराम लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी कामगारनेते डिकास्टा, आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले.

भ्रष्टाचाराचा सिनेमा म्हटलं की नोटांनी भरलेली बॅग डोळ्यांसमोर येते. 'सिंहासन'मध्ये खरं चलन आहे ते बातमीचं. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतो आहे, आणि तिथून पुढे कोण कोणाला भेटला, कोणी कोणाला फोन केला, कोणाची नाराजी किती दिवस पुरेल, याचेच सौदे होतात. दिगूला जवळजवळ सगळं कळतं. त्यातलं छापता किती येतं, तेवढं पाहा. पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी नावं लक्षात ठेवायचा आटापिटा करू नये. अर्ध्या तासात माणसं आपोआप ओळखीची होतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला आणखी दोन धागे सापडतील. अरुण साधू मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे. २००७ मध्ये नागपुरात ८०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. आणि 'उषःकाल होता होता काळरात्र झाली' हे सिनेमातलं गाणं सुरेश भटांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज आशा भोसलेंचा. भट अमरावतीत जन्मले, त्यांची अखेरची वर्षं नागपुरात गेली आणि २००३ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. रेशीमबागेतल्या महापालिकेच्या भव्य सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. मंत्रालयावरच्या सिनेमातलं सगळ्यात जळजळीत गाणं विदर्भातल्या कवीचं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

'सिंहासन' डिसेंबरातच पाहा, असं तुम्ही का सांगता?

कारण डिसेंबरात सिंहासन आपल्या गावात येतं.

१९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासनं मिळाली, त्यात सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल, असंही होतं. त्यातून हिवाळी अधिवेशनाची परंपरा आली. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर नवं डांबर पडतं, दुभाजकांना रंग लागतो, आमदार निवासात पाय ठेवायला जागा नसते आणि मंत्री उतरतात त्या रविभवनाबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. पानठेल्यावरचा माणूससुद्धा मंत्रिमंडळाचा विस्तार कधी, हे छातीठोकपणे सांगतो. त्याच आठवड्यात 'सिंहासन' पाहिला की पडद्यावरची कुजबुज आणि वर्तमानपत्रातली कुजबुज एकमेकींत मिसळते. असं पाहणं मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही मिळत नाही.

दुसरं कारण जड आहे. अधिवेशनावर विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून मोर्चे येतात आणि पोलीस ते विधान भवनाच्या अलीकडे अडवतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी असाच आलेला गोवारी समाजाचा मोर्चा आपल्या मागण्यांसाठी थांबलेला असताना चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यात बायका आणि लहान मुलं फार होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, आणि सीताबर्डीचा उड्डाणपूल त्यांच्याच नावाने आहे. हा भ्रष्टाचाराचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी 'सिंहासन'मध्ये दार लावून बसलेली माणसं आणि रस्त्यावर उतरलेले कामगार यांच्यातलं अंतर जेव्हा दिसतं, तेव्हा नागपूरकराला ते अंतर मोजायला पडद्याबाहेर एक जागा आहे. सिनेमानंतर तरुण मुलांना ती जागा दाखवा. बऱ्याच जणांनी त्या पुलावरून रोज जाऊनही नाव वाचलेलं नसतं.

'सामना' तर साखर कारखान्याचा. आपल्याकडे ऊस कुठे आहे?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच तो पाहायला हवा.

'सामना' हा जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांचा 'सिंहासन'च्या आधीचा सिनेमा, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत असलेला. निळू फुले सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील, श्रीराम लागू व्यसनात बुडालेले गांधीवादी मास्तर. हिंदुरावाच्या मुठीत सगळं गाव आहे आणि परका मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? भाषणं नाहीत, पुरावे नाहीत, फक्त तो प्रश्न. महाराष्ट्रात आजही एखादं प्रकरण दाबलं गेलं की लोक हेच वाक्य उच्चारतात.

आपल्याकडे सत्ता उसातून आली नाही. आपल्याकडे पाणी, कोळसा, जमीन आणि 'अनुशेष', म्हणजे विकासात मागे राहिल्याचा हिशोब, या शब्दाभोवती राजकारण फिरलं. म्हणून 'सामना' झाल्यावर मी गोसीखुर्दचा विषय काढतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हाचा खर्च सुमारे ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुढे सुधारित आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. सिंचनाची ठरवलेली क्षमता सुमारे अडीच लाख हेक्टर होती आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी यायची वाट पाहण्यात शेतकऱ्यांची एक पिढी गेली. विदर्भातल्या सिंचन कंत्राटांचा वाद जनहित याचिकांमधून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आला आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले.

मास्तराने विचारला तसा एकच साधा प्रश्न इथेही विचारता येतो. कालव्याच्या टोकाला पाणी का आलं नाही? सगळी फाइल या प्रश्नातून उलगडते. 'सामना'ची ताकद मला त्यात दिसते. प्रश्न इतका साधा ठेवायचा की कोणालाही तो टाळता येऊ नये.

'जाने भी दो यारो' हा विनोदी सिनेमा आहे. तो या यादीत कसा?

कुंदन शाह, १९८३. एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, अगदी तुटपुंज्या खर्चात केलेला. दोन भाबडे छायाचित्रकार, बिल्डर तरनेजा, त्याचा प्रतिस्पर्धी आहुजा, महापालिका आयुक्त डिमेलो आणि 'खबरदार'ची संपादिका. महाभारताच्या नाटकाचा शेवटचा गोंधळ सगळ्यांना पाठ असतो, पण त्या हसण्यात एक गोष्ट निसटते. या सिनेमातला जवळजवळ प्रत्येक गुन्हा महापालिकेच्या एका मंजुरीतून जन्माला आला आहे. उड्डाणपुलाचं कंत्राट कोणाला, एवढ्यावर खून पडतो. पुढे तोच पूल कोसळतो, आणि तुरुंगात जातात ते दोघं.

आमच्यासोबत एक निवृत्त कनिष्ठ अभियंता सिनेमे पाहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. पूल पडण्याच्या प्रसंगानंतर त्यांनी सिनेमा थांबवायला लावला आणि म्हणाले, "पूल पडला का पयले एमबी पाहा लागते बाबू. कोनं मोजलं, कोनं तपासलं, सारं लिवलेलं असते तिच्यात." मग त्यांनी समजावून सांगितलं. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष जागेवर मोजून नोंद करायची, उपअभियंत्याने ठरावीक भाग पुन्हा तपासायचा, कार्यकारी अभियंत्याकडून ते लेखा विभागात जायचं, मग बिल निघायचं. किती इंच डांबर, किती घनमीटर काँक्रीट, सगळं त्या पुस्तिकेत. काम कागदावर जाड आणि रस्त्यावर पातळ असेल तर ती फट एमबीतच सापडते. त्या संध्याकाळी सिनेमा संपायला फार उशीर झाला, पण कोणी उठलं नाही.

घरात या क्षेत्रात काम केलेलं कोणी असेल तर त्यांना आवर्जून बसवा.

परदेशी सिनेमांपैकी एकच पाहायचा असेल तर?

'हँड्स ओव्हर द सिटी'. दिग्दर्शक फ्रान्चेस्को रोझी, १९६३, इटलीतलं नेपल्स. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला. या सगळ्या यादीत माझा सगळ्यात आवडता.

नोत्तोला हा बिल्डरही आहे आणि नगरसेवकही. रॉड स्टायगरने तो असा उभा केला आहे की त्याचा राग यायच्या आधी त्याचा हिशोब पटायला लागतो. सुरुवातीलाच तो शहराबाहेरच्या रिकाम्या शेतात उभा राहून सांगतो, आज ही जमीन मातीमोल आहे, पण महापालिकेने इथे रस्ता, पाणी, गटार आणलं की भाव अनेक पटींनी वाढेल. खर्च शहराचा, नफा जमीन आधी घेऊन ठेवणाऱ्याचा. गरज फक्त एकाच गोष्टीची, शहर कोणत्या दिशेने वाढणार हे ठरवणाऱ्या खोलीत आपला माणूस असायला हवा.

नागपुरात ज्याने कधी प्लॉट घेतला आहे, त्याला इथे थांबून श्वास घ्यावा लागतो. शेतीचा तुकडा घेऊन सोसायटीने ले-आउट पाडायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या, हप्त्याने प्लॉट विकायचे. मग नागपूर सुधार प्रन्यासकडून नियमितीकरणाचं आरएल पत्र मिळेपर्यंत माणसाचे केस पांढरे व्हायचे. '५७२' आणि '१९०० ले-आउट' हे अशा अनधिकृत ले-आउटच्या गटांचे आकडे आपल्याकडे आडनावासारखे बोलले जातात. असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला. विकास शुल्क भरलं आणि तरी दर पावसाळ्यात चिखलातून घर गाठलं, अशी कुटुंबं दक्षिण आणि पूर्व नागपुरात शोधावी लागत नाहीत. रिंग रोड, मेट्रो, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प यांच्या घोषणा झाल्या तेव्हा कोणत्या बाजूची जमीन आधीच विकली गेली होती, याच्या गप्पा आपण लग्नाच्या पंगतीत ऐकल्या आहेत. रोझीने त्या गप्पा साठ वर्षांपूर्वी पडद्यावर मांडल्या.

नंतर सिनेमात एक जुनी इमारत कोसळते, माणसं मरतात आणि चौकशी समिती नेमली जाते. समिती एकेका खात्यात जाते. प्रत्येक खात्यात कागद चोख. परवानगी आहे, शिक्का आहे, तारीख आहे. सगळं नियमानुसार झालं आणि तरीही माणसं मेली, हे या सिनेमातलं सगळ्यात भयंकर सत्य आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. त्यानंतर सांडव्यासमोरचं बांधकाम, पात्र, पूल, परवानग्या हे सगळे विषय नागपूर खंडपीठापुढे आले. ती कागदपत्रांची चर्चा ज्यांनी वर्तमानपत्रात वाचली, त्यांना समितीचा तो प्रसंग सबटायटलशिवायही कळेल.

विरोधी नगरसेवक दे वीताची भूमिका करणारे कार्लो फेर्मारिएल्लो हे व्यवसायाने नट नव्हतेच, ते नेपल्सचे खरेखुरे नगरसेवक होते. सभागृहातला त्यांचा संताप म्हणूनच वेगळा लागतो. आणि सिनेमा संपताना पडद्यावर ओळ येते ती अशी की पात्रं आणि घटना काल्पनिक आहेत, पण त्या घडवणारी सामाजिक परिस्थिती खरी आहे.

सभागृहाचे प्रसंग पाहताना एक लक्षात ठेवा. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. त्यानंतर काही वर्षं सभागृहच भरलं नाही. भांडणारं का होईना, सभागृह असणं म्हणजे काय, हे रोझीचा सिनेमा पाहताना फार जाणवतं.

'चायनाटाउन' अवघड आहे म्हणतात. पाहावा का?

पाहावा, पण मोठ्यांनीच. त्यात घरातल्या लैंगिक अत्याचाराचा धागा आहे आणि शेवट निर्दय आहे.

१९७४ चा हा सिनेमा, पटकथा रॉबर्ट टाउन यांची, नायक जॅक निकल्सन. गोष्ट १९३७ च्या लॉस एंजेलिसमधली आणि विषय पाण्याचा. दुष्काळ चालू असताना रात्री गुपचूप पाणी सोडून दिलं जातं, शेतकरी कोरडे पडतात, त्यांच्या जमिनी पडत्या भावात विकल्या जातात. नायक नोंदणी कार्यालयात जाऊन खरेदीखतं तपासतो तेव्हा कळतं की नवे मालक म्हणजे एका वृद्धाश्रमातली माणसं आहेत, ज्यांना आपण जमीनदार झाल्याची खबरही नाही. बेनामी व्यवहार हा शब्द आपण रोज वाचतो, इथे तो डोळ्यांनी दिसतो. मागे खरा इतिहास आहे. ओवेन्स खोऱ्यातलं पाणी १९१३ मध्ये कालव्याने लॉस एंजेलिसला आणलं गेलं आणि खोऱ्यातले शेतकरी उद्ध्वस्त झाले. सिनेमाने काळ आणि माणसं बदलली आहेत, म्हणून तो इतिहास समजून सांगू नका.

पेंच, कन्हान आणि गोरेवाडा यांच्यावर जगणाऱ्या शहराला हे समजायला वेळ लागत नाही. नळाला पाणी कुठून येतं आणि ते आधी कोणाचं होतं, एवढं मुलांना विचारून पाहा.

आईबाबांना किंवा आजीला सबटायटल वाचता येत नाहीत. काय करावं?

एकाने मोठ्याने मराठीत सांगत जावं. शब्दन्‌शब्द नको, दोन-तीन वाक्यांत प्रसंग सांगितला तरी पुरतं. आमच्याकडे एका घरी सुनेने सासूबाईंना 'इकिरू' हा अख्खा जपानी सिनेमा असा सांगितला. दोघी आधी कधी इतका वेळ एकत्र बसल्या नव्हत्या.

हलकी सुरुवात हवी असेल तर मकरंद अनासपुरेंचा 'जाऊ तिथे खाऊ' लावा. तो २००७ चा, म्हणजे अभिजात म्हणण्याइतका जुना नाही. पण फक्त कागदावर खोदली गेलेली विहीर चोरीला गेली म्हणून तक्रार करायची, ही त्यातली युक्ती ऐंशीच्या आजोबांपासून आठवीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना कळते.

हे सिनेमे मिळतात कुठे?

ओटीटीवर येतात आणि जातात, त्यामुळे आज इथे आहे असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही. निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्या आधी बघाव्यात. चोरीच्या प्रती नकोत. व्यवस्थेतल्या चोरीवरचा सिनेमा तसा पाहणं मला तरी जमत नाही.

सभागृह घेऊन सार्वजनिक खेळ करायचा असेल तर?

घरी ओळखीच्या माणसांसोबत पाहणं वेगळं आणि सभागृहात लोकांना बोलावून दाखवणं वेगळं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. शाळा-महाविद्यालयांना कॉपीराइट कायद्यात थोडी सवलत आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त तिथले शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक असतील तर दाखवता येतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या प्रती जपत आलं आहे आणि २०२२ पासून ते एनएफडीसीच्या छत्राखाली आहे. जुन्या भारतीय सिनेमांसाठी आधी तिथेच विचारा. जागा छोटी घ्या. मोठ्या सभागृहात नंतरची चर्चा विरून जाते, आणि आमच्या मते अर्धा कार्यक्रम चर्चेचाच असतो.

घरातच कोणी नगरसेवक, कंत्राटदार किंवा महापालिकेत नोकरीला असेल तर? वाद होतात.

होतात. नागपूर तसं लहान आहे. एखाद्याचा साळा कंत्राटदार, एखाद्याची आत्या शिक्षण विभागात, शेजारचे भाऊ प्रभागात उभे राहिलेले. सिनेमा सुरू करण्याआधी आम्ही एवढंच सांगतो की बोलताना पदाबद्दल बोला, आपल्या पाहुण्याबद्दल नको. "ठेकेदार असं करतात" म्हटलं की घरातला ठेकेदार गप्प होतो. "बिल सहा महिने अडलं तर ठेकेदाराने काय करावं?" असं विचारलं की तोच सगळ्यात जास्त सांगतो. टक्केवारी कुठल्या टप्प्यावर मागितली जाते, नाही म्हटलं तर काय होतं, हे बाहेरच्या माणसाला कधी कळत नाही. ते ऐकायचं असेल तर त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून चालणार नाही.

सिनेमातल्या पात्राला खऱ्या नेत्याचं नाव लावून चर्चा करावी का?

करू नये. आरोप, गुन्हा दाखल होणं, दोषी ठरणं आणि अपिलाचा निकाल या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. चर्चेत एखाद्या खऱ्या प्रकरणाचा उल्लेख आला तर ते आज कोणत्या पायरीवर आहे, हे सांगूनच पुढे जावं.

यासाठी नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणाचं उदाहरण देतो. प्रकरण २००२ चं, रक्कम दीडशे कोटींच्या घरातली, बुडाला तो शेतकऱ्यांच्या बँकेचा पैसा. सत्र न्यायालयाच्या स्तरावरही नव्हे, त्याच्या खालच्या न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर २०२३ उजाडला. काही जण दोषी ठरले, काही निर्दोष सुटले, आणि पुढे अपील झालं. दोन-अडीच तासांत संपणाऱ्या सिनेमाला ही एकवीस वर्षं दाखवता येत नाहीत. त्या वर्षांत ठेवीदार म्हातारे झाले. न्यायालयाच्या तारखांचं ते रटाळ वाट पाहणं पडद्यावर फार कमी आलं आहे आणि कोणीतरी ते आणावं, असं मला कळकळीने वाटतं.

मुलांना कोणत्या वयात दाखवावेत?

'जाने भी दो यारो' दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही चालतो, काही प्रसंग त्यांना नंतर समजावून सांगा. 'सिंहासन' आणि 'सामना' नववी-दहावीनंतर. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात स्थायी समितीवर एखादंच वाक्य असतं. त्या समितीत सोळा सदस्य असतात, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात आणि मोठ्या खर्चाची मंजुरी तिथे मिळते, एवढं सांगितलं तरी रोझीचा सिनेमा मुलं कान टवकारून पाहतात.

हे सगळं पाहून निराशा येते. सगळेच चोर वाटायला लागतात. मग पाहायचे कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'सगळे सारखेच' हे वाक्य ज्यांना हवं असतं त्यांच्याच सोयीचं असतं. सगळे सारखे म्हटलं की फाइल बघायचं कारणच उरत नाही.

नीट पाहिलं तर हे सिनेमे सगळ्यांना सारखं ठरवत नाहीत. 'चायनाटाउन'मध्ये धरण फुटेल म्हणून त्यावर सही न करणारा एक मुख्य अभियंता आहे. रोझीच्या सभागृहात दे वीता आहे. 'सामना'त मास्तर आहे, स्वतः मोडलेला असूनही. तरीही मन खट्टू होत असेल तर शेवटी अकिरा कुरोसावांचा १९५२ चा 'इकिरू' पाहा. त्यात पैसे खाणं फारसं नाही, फाइल न हलवणं आहे. वस्तीतलं घाण पाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा, म्हणून काही बायका अर्ज घेऊन येतात. एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशा सगळ्या टेबलांवरून फिरून त्या पुन्हा पहिल्या खिडकीवर येतात. त्या खात्याचा प्रमुख वातानाबे याने आयुष्यभर शिक्के मारण्याखेरीज काही केलेलं नाही. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं तेव्हा तो ती एक फाइल हातात घेतो आणि खात्याखात्यांत जाऊन उभा राहतो. अपमान झाला तरी हलत नाही, धमक्या आल्या तरी हलत नाही. बाग होते. श्रेय उपमहापौर घेतो. वातानाबेच्या मागे शोकसभेत त्याचे सहकारी दारू पिऊन शपथा घेतात की आम्हीही असंच काम करू, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर तीच जुनी रीत सुरू होते.

कुरोसावांनी काहीही गोड केलेलं नाही, तरी बाग जागेवर राहते आणि मुलं तिथे खेळतात. ज्यांनी वस्तीतल्या गडरलाइनसाठी, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनसाठी, महापालिकेच्या झोन कार्यालयाच्या चकरा मारल्या आहेत, त्या बाया-माणसांना हा सिनेमा आधी दाखवायला हवा, असं मला वाटतं.

सिनेमा पाहून आमच्या वस्तीतल्या रस्त्याची फाइल बघावीशी वाटली. बघता येते का?

येते. माहिती अधिकार कायदा २००५ चा, आणि महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, २००२ मध्ये, राज्याचा स्वतंत्र कायदा होता. अर्ज संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. 'भ्रष्टाचार झाला का' असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळणार नाही. रस्त्याचं नाव, वर्ष आणि प्रभाग लिहून कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दिलेल्या बिलांच्या प्रती मागा. काकांचा सल्ला असा की 'अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी' ही ओळही टाकावी, म्हणजे काय मागायचं हे तिथे बसून ठरवता येतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, तीस दिवसांच्या आत. तिथेही काम झालं नाही तर नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे.